ठाऊक होतं का?

‘टेल्स फ्रॉम शेक्सपिअर’ हे पुस्तक आपल्याकडे इंग्रजी शिकणाऱ्या कितीतरी पिढ्यांच्या हातातून गेलं आहे. १८०७ साली निघालेल्या पहिल्या आवृत्तीवर नाव एकच होतं, चार्ल्स लॅम. प्रत्यक्षात वीसपैकी चौदा गोष्टी त्याच्या बहिणीने, मेरीने लिहिलेल्या. आणि पुस्तक निघण्याच्या अकरा वर्षं आधी याच मेरीच्या हातून तिच्या आईचा खून झाला होता.

लंडनच्या हॉबर्न भागात लॅम कुटुंब राहत असे. आई अंथरुणाला खिळलेली, वडील म्हातारपणी भ्रमिष्ट झालेले, जोडीला एक थकलेली आत्या. एकतीस वर्षांची मेरी दिवसभर लोकांचे कपडे शिवून चार पैसे मिळवी आणि रात्रंदिवस आईचं करी. एकवीस वर्षांचा चार्ल्स ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत कारकून होता. आधीच्या हिवाळ्यात तो स्वतः सहा आठवडे वेड्यांच्या इस्पितळात काढून आला होता. मेरीचं काही दिवस बिनसलेलं होतं. २२ सप्टेंबर १७९६ च्या सकाळी चार्ल्स डॉक्टरांना आणायला गेला, तर डॉक्टर घरी नव्हते. त्याच दिवशी जेवणाची तयारी चालू असताना मेरी शिवणकाम शिकायला ठेवलेल्या मुलीच्या अंगावर सुरी घेऊन धावली. आई ओरडली आणि सुरी आईकडे वळली. चार्ल्सने ती हिसकावून घेतली तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी हे वेडाच्या भरात घडलं असा निर्णय दिला आणि खटला उभाच राहिला नाही. थोरल्या भावाचं म्हणणं होतं की हिला कायमची इस्पितळात टाकावी. चार्ल्सने ऐकलं नाही. आधी इस्लिंग्टनच्या एका खाजगी जागेत आणि वडील गेल्यावर, १७९९ पासून, स्वतःच्या घरी त्याने तिला सांभाळलं. लग्न केलं नाही. ‘टेल्स’चं काम दोघांनी एकाच टेबलाशी बसून केलं.

वेडाच्या भरात घरच्याच माणसाच्या हातून घडलेल्या खुनांवर लिहिताना सुरुवात मेरीपासून करावीशी वाटते, कारण तिच्या गोष्टीत पुढचे सगळे प्रश्न आहेत, फक्त कायदा नाही. घरच्यांना लक्षण दिसलेलं आहे, उपचार हाताशी नाहीत, मारणारी आणि मेलेली एकाच घरातल्या आहेत, आणि नंतर तिला घेऊन कोण जाणार यावर भावाभावांत वाद आहे. कायदा आत आला तो चार वर्षांनी.

१५ मे १८०० रोजी जेम्स हॅडफील्ड नावाच्या माजी सैनिकाने ड्रुरी लेनच्या नाट्यगृहात तिसऱ्या जॉर्ज राजावर पिस्तूल झाडलं. नेम चुकला. लढाईत डोक्यावर तलवारीचे घाव बसल्यापासून हॅडफील्डच्या मनाने घेतलं होतं की जगाच्या उद्धारासाठी आपला जीव गेला पाहिजे. आत्महत्या तर पाप. तेव्हा सरकारच्या हातून मरण ओढवून घ्यायचं, आणि त्यासाठी राजावर गोळी झाडण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. त्याच दिवसांत त्याने आपल्या लाडक्या तान्ह्या मुलालाही मारायला धरलं होतं. ज्युरीने त्याला सोडलं. पण असा माणूस उद्या रस्त्याने मोकळा फिरणार या भीतीने संसदेने घाईघाईत कायदा केला: वेडामुळे सुटलेल्याला राजाची मर्जी होईपर्यंत कोंडून ठेवायचं. मर्जी कधी व्हावी याला मुदत नव्हती. मेरीचा प्रसंग १७९६ ऐवजी १८०१ साली घडून कोर्टात गेला असता, तर चार्ल्सच्या हमीला फारशी किंमत राहिली नसती.

दुसरा धक्का १८४३ सालचा. डॅनियल मॅकनॉटन या स्कॉटिश सुताराला वाटत होतं की टोरी पक्षाची माणसं आपला पिच्छा पुरवत आहेत. पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्याने त्यांचा सचिव एडवर्ड ड्रमंड याला गोळी घातली. तोही वेडाच्या कारणावरून सुटला, राणी व्हिक्टोरिया संतापली आणि उमराव सभेने न्यायाधीशांना बोलावून विचारलं की वेडाची मोजपट्टी नेमकी कोणती. न्यायाधीशांनी जे उत्तर दिलं त्याला आजही मॅकनॉटन नियम म्हणतात. आपण काय करतो आहोत, किंवा करतो आहोत ते वाईट आहे, हे त्या माणसाला मनाच्या आजारामुळे ठाऊक नसेल तर तो दोषी नाही. गंमत अशी की ही पट्टी काटेकोर लावली असती तर खुद्द मॅकनॉटन कदाचित तिच्यात बसला नसता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रिचर्ड डॅड या तरुण चित्रकाराने बाप हा सैतानाचं रूप आहे अशा समजुतीने त्याला मारलं. डॅडने पुढची चाळीस वर्षं इस्पितळात काढली आणि तिथेच त्याची सर्वांत नाजूक, पऱ्यांची चित्रं काढली. मॅकनॉटन आणि डॅड दोघेही बेथलेमच्या मनोरुग्णालयात होते, पुढे ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात गेले. समोरासमोर आल्यावर ते काय बोलले असतील असा विचार मनात येतो.

आपल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ८४ याच मुशीतलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम २२ झालं आहे. आकडा बदलला, मतलब तोच: कृत्य करते वेळी, मन विकल असल्यामुळे, आपण काय करतो आहोत हे कळण्यास, किंवा ते गैर अथवा बेकायदा आहे हे कळण्यास जो असमर्थ असेल, त्याचं कृत्य गुन्हा नव्हे.

यातल्या ‘कृत्य करते वेळी’ या शब्दांवर अर्धे खटले पडतात. माणूस आज आजारी आहे म्हणून भागत नाही, त्या घटकेला तो कसा होता हे दाखवावं लागतं. खटल्याच्या वेळी तो इतका आजारी असेल की वकिलाशी बोलूही शकत नाही, तर खटला थांबतो, पण तो वेगळा मामला. शिक्षेनंतर आजार बळावला तर तोही वेगळा. महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटलं की फाशीच्या कैद्याला नंतर जडलेला गंभीर मनोविकार शिक्षा कमी करताना विचारात घेता येतो. वर्तमानपत्रं मात्र तिन्हींना एकच मथळा देतात: आरोपी वेडा असल्याचा दावा. त्या मथळ्यात ‘दावा’ हा शब्द अशा बेताने बसवलेला असतो की वाचणाऱ्याला वकिलाची युक्ती दिसते, माणूस दिसत नाही.

कलमाची पहिली खिडकी, म्हणजे आपण काय करतो तेच न कळणं, पाठ्यपुस्तकात सोपी असते: समोर भोपळा आहे असं समजून माणसाची मान कापणारा. असा आरोपी प्रत्यक्षात क्वचितच सापडतो. घरात घडलेल्या जवळजवळ प्रत्येक खटल्यात मारणाऱ्याला समोर आपलं मूल आहे, आई आहे, नवरा आहे हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच तर मारायचं असतं. तेव्हा सगळा भार दुसऱ्या खिडकीवर येतो आणि तिथे प्रश्न उभा राहतो: गैर, म्हणजे कोणाच्या लेखी गैर?

इंग्लंडच्या न्यायालयाने १९५२ साली याचं कोरडं उत्तर दिलं. एका माणसाने सतत मरणाच्या गोष्टी करणाऱ्या आपल्या मनोरुग्ण बायकोला अ‍ॅस्पिरिनच्या शंभर गोळ्या दिल्या, आणि याबद्दल आपल्याला फासावर देतील असं तो पोलिसांपुढे बोलून गेला. न्यायालय म्हणालं, झालं तर मग, कायद्याने हे चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याचं मन काय म्हणत होतं याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही.

आपल्याकडे याहून वेगळं उत्तर तीन वर्षं आधीच येऊन गेलं होतं. बंगालमधल्या एका बापाला स्वप्नात स्वर्गातून आज्ञा झाली की पाच वर्षांच्या मुलाचा बळी दे. सकाळी तो मुलाला मशिदीत घेऊन गेला आणि आज्ञा पाळली. नंतर काकाकडे गेला. तिथे चौकीदार दिसला म्हणून काकाला दूर तळ्याकाठी नेऊन त्याने झालेली हकिकत सांगितली. म्हणजे चौकीदाराला टाळण्याइतकी समज त्याला होती. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९४९ साली तरीही त्याला कलम ८४ चं संरक्षण दिलं. काय करतो ते त्याला ठाऊक होतं, कायद्याविरुद्ध आहे हेही ठाऊक होतं, पण ते गैर आहे हे कळण्याची ताकद त्या स्वप्नाने हिरावून घेतली होती, असा त्या निकालाचा आशय. दहा वर्षांनी अलाहाबाद उच्च न्यायालयाने सावत्र भावाच्या खुनाच्या एका प्रकरणात या विचारावर टीका केली. कलमात ठाऊक असणं-नसणं नाही, ठाऊक होण्याची क्षमता आहे. क्षमता शाबूत असताना माणसाने चुकीची समजूत करून घेतली तर ती त्याची जबाबदारी.

मला स्वतःला कलकत्त्याचा निकाल माणसाच्या जवळचा वाटतो आणि अलाहाबादचा कलमाच्या. दोन्हींचा मेळ कसा घालायचा हे ठरवणं सोपं नाही. अमेरिकेतल्या कॅन्ससने तर ही दुसरी खिडकीच बुजवून टाकली. तिथे बायको, दोन मुली आणि बायकोची आजी अशा चौघींना मारणाऱ्या माणसाचं प्रकरण २०२० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आलं आणि बहुमताने राज्याला तशी मुभा मिळाली. विरोधी मत देताना न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी एक उदाहरण घेतलं. एका वेड्याला वाटलं समोर कुत्रा आहे, म्हणून त्याने माणूस मारला. दुसऱ्याला वाटलं की कुत्र्याने मला माणूस मारायला सांगितलं, म्हणून त्याने मारला. कॅन्ससच्या कायद्यात पहिला सुटतो, दुसरा अडकतो. दोघांच्या आजारात एवढं अंतर आहे का?

आता टेक्ससची गोष्ट. गैर म्हणजे कोणाच्या लेखी गैर, हा प्रश्न तिथल्या कोर्टात फार उघडेपणाने चर्चिला गेला.

ह्यूस्टनच्या वस्तीत राहणारी अँड्रिया येट्स पूर्वी परिचारिका होती. नवरा नासामध्ये इंजिनियर. घरात कडक धार्मिक वातावरण, मुलांचं शिक्षण घरीच. १९९९ साली चौथ्या मुलानंतर तिने दोनदा जीव द्यायचा प्रयत्न केला. तिला आवाज ऐकू येत, दृश्यं दिसत. हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध सुरू केल्यावर ती सावरली. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी बजावलं की आता आणखी मूल नको, पुन्हा असंच होईल. नोव्हेंबर २००० मध्ये पाचवं मूल झालं. मार्चमध्ये तिचे वडील वारले आणि तिचं बोलणं-खाणं थांबलं. पुन्हा इस्पितळ झालं, पुन्हा औषधं झाली. जूनच्या सुरुवातीला दुसऱ्या डॉक्टरांनी ते औषध बंद केलं. २० जून २००१ च्या सकाळी नवरा कामावर गेला. सासू तासाभराने येणार होती. त्या तासात तिने सात वर्षांपासून सहा महिन्यांपर्यंतच्या पाचही मुलांना न्हाणीघरातल्या टबात बुडवलं. मग स्वतःच पोलिसांना फोन केला आणि नवऱ्यालाही घरी यायला सांगितलं.

पुढे तिने जे सांगितलं त्यात एक भयंकर तर्क होता. आपण वाईट आई आहोत, आपल्यामुळे मुलं वाट चुकली आहेत, मोठी झाली तर नरकात जातील. आत्ता निष्पाप असताना मेली तर देवाघरी जातील. आपल्याला सरकार मृत्युदंड देईल, आणि आपल्या आत बसलेला सैतानही त्याबरोबर मरेल. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या हॅडफील्डसारखंच, सरकारच्या हातून मरण. फिलिप रेस्निक या मनोविकारतज्ज्ञाने १९६९ साली मुलांचा जीव घेणाऱ्या आईबापांची जी वर्गवारी मांडली तिच्यात एक वर्ग परोपकारी हत्येचा आहे. मूल नको म्हणून किंवा जोडीदारावर सूड म्हणून मारलेलं नाही, मुलाचं भलं होईल या समजुतीने मारलेलं. शब्द कानाला खटकतो. पण येट्सच्या खटल्यात रेस्निक स्वतः साक्षीला उभे राहिले आणि त्यांचं सांगणं हेच होतं: तिच्या विस्कटलेल्या मनाने दोन वाईटांतलं कमी वाईट निवडलं.

सरकारी पक्षाने ती आजारी नव्हती असं म्हटलंच नाही, आजाराबद्दल वाद नव्हता. टेक्ससचा कायदा एवढंच विचारतो की आपलं वागणं चुकीचं आहे हे तिला ठाऊक होतं का. नवरा जाईपर्यंत ती थांबली. सासू यायच्या आत उरकलं. कोणाला आधी सांगितलं नाही. नंतर पोलिसांना बोलावलं. ठाऊक नसतं तर बोलावलं कशाला? सरकारतर्फे आलेले नामांकित न्यायवैद्यक तज्ज्ञ पार्क डिट्झ यांनी हेच जोडून दाखवलं: विचार सैतानाचा आहे असं तिला वाटत होतं, म्हणजेच तो वाईट आहे हे ठाऊक होतं. मार्च २००२ मध्ये ज्युरीने चार तासांच्या आत तिला दोषी ठरवलं. मृत्युदंड टळला, जन्मठेप झाली. वेडी म्हणून सोडलं तर ती घरी जात नाही, इस्पितळात जाते, हे टेक्ससच्या नियमाप्रमाणे ज्युरीला सांगायची परवानगीच नव्हती. मला या खटल्यात सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

पुढे काय झालं ते एखाद्या कादंबरीकाराने लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं. डिट्झ ‘लॉ अँड ऑर्डर’ या दूरचित्रवाणी मालिकेचे सल्लागार होते. उलटतपासणीत त्यांनी सांगितलं की घटनेच्या थोडं आधी याच मालिकेत मुलांना बुडवणाऱ्या आणि वेडाच्या बचावावर सुटणाऱ्या आईचा भाग दाखवला गेला होता. येट्स ती मालिका बघे. सरकारी वकिलांनी त्यावरून सुचवलं की तिला वाट तिथेच सापडली. सुझन ओमॅली ही लेखिका कोर्टात बसलेली होती आणि तिने त्या मालिकेसाठी लिहिलेलं होतं. तिने शोध घेतला, तर असा भाग कधी झालाच नव्हता. या चुकीच्या साक्षीवरून २००५ साली अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. डिट्झ मुद्दाम खोटं बोलले असं कोणी म्हटलं नाही, गफलत झाली असं ठरलं. २६ जुलै २००६ रोजी दुसऱ्या ज्युरीने, जवळजवळ त्याच पुराव्यावर, तिला वेडामुळे दोषी नाही असं ठरवलं.

मधल्या काळात त्याच राज्यात आणखी एक आई कोर्टापुढे आली. डिएना लेनी. मे २००३ मध्ये तिने दोन मुलांना दगडाने मारलं, तिसरं मूल कायमचं अधू झालं. याही वेळी सरकारने डिट्झना बोलावलं. पण त्यांचं मत पडलं की हिला आपलं कृत्य चुकीचं वाटणं शक्य नव्हतं, कारण हिला आज्ञा देवाची होती. २००४ साली लेनी सुटली. एकीला देव म्हणाला, एकीला सैतान. आवाज कोणाचा ऐकू यावा हे रुग्णाच्या हातात थोडंच असतं? ते घरातल्या प्रार्थनेवर, लहानपणी ऐकलेल्या कथांवर अवलंबून. आपल्याकडे तोच आवाज ग्रामदैवताचा असेल, मेलेल्या सासूचा असेल किंवा हल्ली मोबाइलच्या टॉवरमधून येत असेल. जन्मठेप की इस्पितळ हे त्यावरून ठरावं, यात काहीतरी चुकतं आहे.

बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार हजारात एक-दोन बाळंतिणींना होतो. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो, झपाट्याने वाढतो आणि वेळेवर ओळखला तर चांगला बराही होतो. बाळाला इजा करणाऱ्या त्यातल्याही अगदी थोड्या. स्किझोफ्रेनियाचंही तसंच. या आजारातली बहुतेक माणसं कोणाच्या अंगावर जात नाहीत, लोकांचा मार खाणारी आणि फसवली जाणारीच जास्त. पण जे थोडे प्रसंग घडतात ते रस्त्यावर अनोळखी माणसाशी क्वचित, घरात जास्त. जेवायला वाढणाऱ्या हातातच विष दिसायला लागतं. आणि धोका मोठा असतो तो आजार सुरू झाल्यापासून पहिलं औषध पोटात जाईपर्यंतच्या मधल्या काळात.

हा मधला काळ आपल्याकडे कुठे जातो ते सगळ्यांना माहीत आहे. बाळंतिणीला ‘बाहेरचं’ लागलेलं असतं. मुलावर कोणीतरी करणी केलेली असते. देवरुषी होतो, अंगारा होतो, एखाद्या दर्ग्यात महिनाभर मुक्काम होतो, कोणी सांगतं लग्न लावून द्या म्हणजे ताळ्यावर येईल. यात घरच्यांची माया कमी असते असं मुळीच नाही, पैसा तर पाण्यासारखा जातो. फक्त देवरुषी केसपेपर देत नाही. आणि पुढे दुर्दैवाने प्रकरण कोर्टात गेलं की तिथे मागतात कागद.

कारण आपल्या कायद्यात वेड सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे. प्रत्येक माणूस शहाणाच असतो असं गृहीत धरून कोर्ट सुरुवात करतं. १९६४ साली गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या भाराचं माप ठरवून दिलं. सरकारी पक्षाला गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो. आरोपीला तेवढं नाही, दिवाणी दाव्यासारखं ‘हेच जास्त संभवतं’ इतपत पुरे. आणि तेही पुरतं जमलं नाही, तरी त्याच्या पुराव्याने हेतूबद्दल शंका निर्माण झाली तर तिचा फायदा त्यालाच. तत्त्व उदार आहे. ज्या नवऱ्याच्या खटल्यात ते सांगितलं गेलं त्याला मात्र उपयोग झाला नाही. आतून बंद खोलीत बायकोच्या अंगावर ४४ जखमा होत्या. पोलिसांना जबाब देताना एक बोललेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कोर्टात येऊन तो वेडा झाला होता असं सांगितलं. न्यायालयाला ते मागाहून सुचलेलं वाटलं. डॉक्टरचा कागद नव्हता.

याच्याशेजारी २००२ चा महाराष्ट्रातला निकाल ठेवून पाहावा. पोलीस दलातल्या एका शिपायाने एप्रिल १९९४ मध्ये न्हाणीघरात कपडे धुणाऱ्या बायकोला डोक्यात दगडी वरवंटा घालून मारलं. दिवसाढवळ्या मारलं, पळाला नाही, लपवलं नाही. कारण म्हणाल तर त्याला नोकरीचा राजीनामा द्यायचा होता आणि ती देऊ देत नव्हती. खालच्या दोन्ही कोर्टांनी शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. वडिलांना मनोविकार होता. स्वतः त्याच्यावर १९९२ पासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते. घटनेनंतर, जूनच्या अखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, त्याला पंचवीस वेळा इस्पितळात न्यावं लागलं होतं. घटना घडली त्या मिनिटाला त्याच्या डोक्यात काय होतं हे कोणी पाहिलेलं नाही. न्यायालयाने आधीचे आणि नंतरचे दिवस पाहिले आणि मधली घटका त्यावरून ताडली. पण हे दिवस दिसले ते नोंदलेले होते म्हणून. हा निकाल मला नेहमी थोडा अस्वस्थ करतो. तोच आजार, तेच घर, तोच वरवंटा, पण आधीची दोन वर्षं इस्पितळाऐवजी एखाद्या भगताकडे गेलेली असती तर?

इंग्लंडमध्ये एक मधली पायरी आहे. १९२२ पासून, आणि सुधारित रूपात १९३८ पासून, बाळंतपणाच्या परिणामाने मनाचा तोल गेलेल्या आईने वर्षाच्या आतल्या बाळाचा जीव घेतला तर तिला खुनी न धरता कमी शिक्षेच्या गुन्ह्याखाली धरतात. १९५७ पासून इतरांसाठीही घटलेल्या जबाबदारीची सवलत आहे. आपल्याकडे यातलं काही नाही. एक तर पूर्ण शहाणा, नाही तर पूर्ण वेडा. मधे कोणी असलाच तर त्याची शिक्षा कमी व्हावी की नाही हे न्यायाधीशाच्या स्वभावावर.

सुटल्यावर काय, हा भाग कोर्टाच्या बातमीत येत नाही. भारतात अशा निकालात कृत्य त्या माणसाच्याच हातून घडलं हे न्यायालयाला स्पष्ट नोंदवावं लागतं. मग त्याला सुरक्षित जागी ठेवायचं, किंवा नातेवाईक वा मित्राने अर्ज केला आणि नीट सांभाळू, कोणाला इजा होऊ देणार नाही असं तारण दिलं, तर त्याच्या स्वाधीन करायचं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३३५ मध्ये ही तरतूद होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणता नातेवाईक होता कोण जाणे. बायको मारलेल्याचा अर्ज कोणी करायचा? सासऱ्याने? आई मारलेल्या मुलाला बापाने घरी आणायचं तर रात्री दाराला कडी आतून लावायची की बाहेरून? अशा घरात मेलेल्याचे आणि मारणाऱ्याचे नातेवाईक वेगळे नसतात. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांत बरी होऊनही घरचं कोणी न्यायला न आल्यामुळे राहिलेली माणसं असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी कोणाला बोटसुद्धा लावलेलं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाला बहीण आपल्या घरी आणते. तिथे खून नाही, तरी तेवढ्यानेच तिच्या संसाराची किती ओढाताण होते ते त्या चित्रपटात दिसतं.

चार्ल्स लॅमने ही ओढाताण पस्तीस वर्षं केली. मेरीला जवळजवळ दर वर्षी झटका येई. येणार हे तिला आधी कळे. मग दोघं बहीण-भाऊ शेतांमधून पायी हॉक्स्टनच्या इस्पितळाकडे निघत, बांधून ठेवायचं जाकीट बरोबर घेऊन, रडत. त्यांना असं जाताना पाहिलेल्या एका ओळखीच्या माणसाने ते सांगून ठेवलं आहे. १८३४ साली चार्ल्स गेला. मेरी त्यानंतर तेरा वर्षं जगली.

अँड्रिया येट्सच्या नवऱ्याने पहिल्या खटल्यातही तिची बाजू सोडली नव्हती. ही आजारी आहे, तिला तुरुंगात घालू नका, असं पाच मुलांचा बाप सांगत होता. पुढे त्यांचा घटस्फोट झाला आणि त्याने दुसरा संसार मांडला. २००७ पासून ती टेक्ससमधल्याच केरव्हिलच्या सरकारी मनोरुग्णालयात आहे. आपल्याला सोडता येईल का याचा फेरविचार दर वर्षी मागण्याचा तिला हक्क आहे. दर वर्षी ती तो नको म्हणून कळवते.